बॅटरी बदलली तरी चार्जिंग उतरतेच? आधी स्क्रीन बघा

"भाऊ, नवी बॅटरी टाकून द्या, हे काही टिकून नाई राह्यली." काउंटरवर फोन ठेवता ठेवता गिऱ्हाईक हेच बोलतं. यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आजवर सगळ्यात जास्त वेळा माझ्यासमोर आलेली तक्रार हीच. सुरुवातीची काही वर्षं मीही मागितली की बॅटरी टाकून द्यायचो. पंधरा दिवसांनी तोच माणूस एसटीचं भाडं खर्चून तोच फोन घेऊन परत यायचा, आणि मला त्याच्याकडे बघवायचं नाही. बॅटरीला हात लावण्याआधी काय काय तपासायचं, याचा क्रम तेव्हापासून बसत गेला. तो इथे देतो आहे. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, पैसे लागणाऱ्या शेवटी.

आधी लक्षण नीट ओळखा

"चार्जिंग उतरते" एवढ्यावरून काही कळत नाही. कधी उतरते आणि कशी उतरते, ते दोन दिवस लक्ष ठेवून बघा.

फोन हातात असताना भरभर उतरते आणि ठेवून दिला की थांबते, असं असेल तर खाणारी स्क्रीन आहे. रात्री ९० टक्क्यांवर उशाशी ठेवला आणि सकाळी ६० दिसले, तर फोन रात्रभर झोपलेलाच नाही. त्याला टच, नेटवर्क किंवा एखादं अ‍ॅप जागं ठेवतं आहे. ३० टक्के दाखवत असताना एकदम बंद पडतो आणि चार्जर लावल्याबरोबर पुन्हा २५-३० दाखवतो, तर मात्र दोष बहुतेक बॅटरीचाच. फोन आपोआप उघडतो, कुणाला तरी कॉल लागतो, अक्षरं आपोआप टाईप होतात, तर टच बिघडलेला आहे. आणि "डिस्प्ले टाकला तवापासून असं होऊन राह्यलं" हे वाक्य तोंडातून निघालं, तर मधल्या तपासण्या सोडून थेट कॉपी, म्हणजे नकली, डिस्प्लेच्या भागावर या.

सगळ्यात आधी एक गोष्ट. कव्हर काढा आणि फोन स्क्रीन खाली करून सपाट पाटावर ठेवा. बोटाने फिरवला तर भोवऱ्यासारखा फिरतो का? स्क्रीनची किंवा मागची कड कुठे उचललेली दिसते का? दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. इथेच थांबा. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, उचललेली कड दाबून बसवू नका, सरळ कारागिराकडे न्या. या स्थितीत पुढची एकही तपासणी घरी करायची नाही.

पहिली तपासणी: फोनचाच हिशेब वाचा

सेटिंगमध्ये बॅटरी, त्यात बॅटरी वापर. काही फोनमध्ये अ‍ॅपची यादी दिसते आणि स्क्रीन वेगळी दिसत नाही. तिथे "सिस्टीमनुसार पाहा" असा पर्याय निवडला की स्क्रीनचा वाटा कळतो. यादीत स्क्रीन सगळ्यात वर आणि ती सहा-सात तास चालू होती असं दिसलं, तर बॅटरी तिचं काम चोख करते आहे. तिला बदलून काही मिळणार नाही.

हा आकडा बघायला एक पैसा लागत नाही आणि पुढची दिशा इथूनच ठरते. तरी दुकानात येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो कधी उघडून पाहिलेला असतो.

दुसरी: उजेड

आपल्याकडे ही तपासणी सगळ्यात मोठी आहे. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, घरातल्या खोलीत काहीशे. वावरात उभं राहून स्क्रीन दिसावी म्हणून फोन उजेड पूर्ण वाढवतो. काही फोन तर उन्हात उजेडाच्या पट्टीच्या टोकाच्याही वर जातात. ते चालतं, कारण ते तेवढ्यापुरतं असतं. अडचण होते ती ज्यांनी "आपोआप उजेड" (ऑटो ब्राइटनेस) ही सोय बंद करून पट्टी हाताने टोकाला नेऊन ठेवली आहे त्यांची. धुऱ्यावर वाढवलेला उजेड घरी आल्यावर, जेवताना, रात्री खाटेवर पडल्यावरही तसाच राहतो.

म्हणून "आपोआप उजेड" चालू करा. चालू असूनही अंधारात उजेड कमी होत नसेल तर स्क्रीनच्या वरच्या कडेला, पुढच्या कॅमेऱ्याजवळ बघा. तिथे उजेड मोजणारा बारीक सेन्सर असतो. जाड काळ्या किनारीची स्क्रीनगार्डची काच त्यावर आलेली असते, किंवा काचेखाली धूळ शिरलेली असते. ती काढून पुसल्याबरोबर सुधारलेले फोन मी बरेच पाहिले आहेत.

स्क्रीन आपोआप बंद व्हायची वेळ ३० सेकंदांवर आणा. भाव बघताना किंवा पोथी वाचताना मध्येच बंद पडू नये म्हणून लोक ती दहा मिनिटं करतात आणि विसरतात. मग एखादा निरोप बघून फोन खाटेवर टाकला, तरी स्क्रीन पुढची दहा मिनिटं छताला उजेड देत राहते.

ई-पीक पाहणीच्या, म्हणजे वावरातल्या पिकाची नोंद मोबाईलवरून करायच्या दिवसांत तर माझ्याकडे रांग लागते. हे अ‍ॅप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालं. तेव्हापासून खरिपात दरवर्षी तीच गोष्ट: वावरात उभं राहून कॅमेरा चालू, जीपीएस चालू, उजेड टोकाला, आणि नेटवर्कची एक काडी. चार कामं एकाच वेळी बॅटरी ओढतात. पाहणी सकाळी आठ-नऊच्या सुमारास करा. पिकाचा फोटो स्वच्छ येतो आणि स्क्रीनला उन्हाशी झगडावं लागत नाही. दुपारीच जावं लागलं तर डोक्यावरचा दुपट्टा फोनवर ओढून सावली करा. सावलीत फोन स्वतःच उजेड खाली आणतो.

तिसरी: तुमची स्क्रीन कोणत्या जातीची?

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. कुणीतरी सांगतं, "डार्क मोड लाव, बॅटरी वाचते." एकाची वाचते, दुसऱ्याची तसूभर वाचत नाही, आणि दुसरा म्हणतो सगळं खोटं आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण स्क्रीन दोन जातींच्या असतात.

एलसीडी स्क्रीनमध्ये, म्हणजे आयपीएस किंवा टीएफटीमध्ये, मागे एक दिव्यांची पट्टी असते. चित्र कुठलंही असो, ती पट्टी पूर्ण स्क्रीनमागे जळतच असते. काळा रंग दाखवताना समोरची पापणी मिटते, मागचा दिवा चालूच. त्यामुळे काळं पान काय आणि पांढरं पान काय, खर्च जवळजवळ तोच. अ‍ॅमोलेडमध्ये मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि काळा असला की तो ठिपका विझलेला असतो. म्हणून अ‍ॅमोलेडवर रंगाप्रमाणे खर्च बदलतो. काळं जवळजवळ फुकट, पूर्ण पांढरं पान सगळ्यात महाग.

ओळखायचं कसं? रात्री लाईन गेली असेल तेव्हा, किंवा दार लावून अंधार करून, पूर्ण काळं चित्र स्क्रीनभर उघडा. स्क्रीन राखाडी, धूसर उजळलेली दिसली तर एलसीडी. स्क्रीन आहे की नाही हेच कळेनासं झालं तर अ‍ॅमोलेड. स्क्रीनवरच बोट ठेवून फोन उघडत असेल तरीही ती अ‍ॅमोलेड जातीचीच.

अ‍ॅमोलेडवर डार्क मोडने किती वाचतं, याचं मोजमाप अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं. उजेड ३० ते ५० टक्के असताना सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली, उजेड १०० टक्के असताना ३९ ते ४७ टक्के. म्हणजे घरात मंद उजेडात डार्क मोड लावला काय, न लावला काय, फारसं कळणार नाही. फरक पडतो तो पूर्ण उजेडावर, म्हणजे आपण बाहेर असतो तेव्हा. मात्र उन्हात काळ्या पानावरची पांढरी अक्षरं वाचायला डोळे ताणावे लागतात, हेही खरं. चष्मा असलेल्या काकांना मी डार्क मोडचा आग्रह करत नाही. न दिसणारी अक्षरं वाचत ते दुप्पट वेळ स्क्रीन चालू ठेवतील, आणि वाचलेलं तिथेच जाईल.

एलसीडीवाल्यांनी डार्क मोडचा नाद सोडावा आणि उजेड व बंद व्हायची वेळ सांभाळावी. अ‍ॅमोलेडवाल्यांनी स्क्रीनचा वॉलपेपर गडद ठेवावा आणि फोन लॉक असतानाही घड्याळ दाखवत राहणारी सोय बंद करावी.

दोन्ही जातींना लागू असलेली एक सेटिंग म्हणजे रिफ्रेश रेट. ९० किंवा १२० हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला तेवढ्या वेळा नवं चित्र काढते. ६० वर आणली तर सरकवताना थोडी जड वाटेल, पण निरोप, कॉल आणि बाजारभावाला ६० पुरेसे आहेत.

चौथी: टच आणि टायपिंग

बटनाच्या जुन्या फोनमध्ये बटन दाबेपर्यंत बटनांना वीज लागायची नाही. टचस्क्रीनचं तसं नसतं. स्क्रीन चालू असेपर्यंत टचचा थर बोट आलं का, बोट आलं का, हे सेकंदाला शंभराहून जास्त वेळा तपासत असतो. तो खर्च ठरलेला आहे, त्याला इलाज नाही. पण बोट नसताना बोट आलं असं त्याला वाटू लागलं, की प्रोसेसर उठतो, स्क्रीन उठते, आणि फोन खिशातल्या खिशात काम करत बसतो.

उन्हाळ्यात हे फार होतं. शर्टाच्या वरच्या खिशात, स्क्रीन छातीकडे, आणि घामाने भिजलेलं पातळ कापड. "दोन टिचक्या मारून जागा करा" ही सोय चालू असली तर त्या ओल्या कापडातूनही फोन उठत राहतो. ती बंद करा, "उचलल्यावर जागा हो" हीसुद्धा बंद करा, आणि पॉकेट मोड असेल तर चालू करा. फोन खिशात ठेवताना स्क्रीन बाहेरच्या बाजूला. एका काकांचा फोन रोज दुपारी चारला बंद पडायचा. एवढं केलं, आणि तो रात्री जागलीला टॉर्चसारखा लावायलाही पुरू लागला.

टच स्वतःहून दाबला जातो का, हे बघायची खात्रीची रीत आहे. सेटिंगमध्ये "फोनविषयी" या भागात बिल्ड नंबरवर सात वेळा टिचक्या मारा. रेडमीमध्ये एमआययूआय किंवा ओएस व्हर्जनवर. मग डेव्हलपर पर्याय दिसू लागतात. त्यात "पॉइंटर लोकेशन" चालू करा आणि फोन टेबलावर ठेवून हात लांब करा. तुम्ही न शिवता स्क्रीनवर रेषा उमटत असतील तर टच बिघडला आहे. चार्जर लावल्यावरच रेषा येतात आणि काढला की जातात, तर दोष चार्जरचा आहे, टचचा नाही. स्वस्तातल्या चार्जरमधून येणारा विजेचा खडखडाट टचला बोटासारखा वाटतो. चार्जर बदलून बघणं डिस्प्ले बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, म्हणून ते आधी. रेषा चार्जरशिवायही येत असतील तर स्क्रीनगार्ड काढून, कोरड्या सुती फडक्याने पुसून पुन्हा बघा. तपासून झालं की पॉइंटर लोकेशन बंद करायला विसरू नका.

आता कीबोर्ड. प्रत्येक अक्षराला फोन थरथरतो, कारण आत एक छोटी मोटर फिरते. टिकटिक आवाजही असतो. दोन्ही बंद करा. पण खरा खर्च मोटरचा नाही, वेळेचा आहे. आमच्याकडच्या एक आशाताई रोज गटावर गावाची माहिती टाकतात. जोडाक्षरं शोधत शोधत तीन ओळींना पाच मिनिटं लागायची, आणि ती पाच मिनिटं स्क्रीन पूर्ण उजेडात. त्यांना मी जीबोर्डमध्ये (गुगलच्या कीबोर्डमध्ये) इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा पर्याय लावून दिला. काही दिवसांत हात बसला आणि वेळ अर्ध्यावर आला. ज्यांना इंग्रजी अक्षरं जड जातात त्यांना बोलून लिहिणं बरं. त्यात माईक, प्रोसेसर आणि नेट तिन्ही चालतात, त्यामुळे सेकंदामागे खर्च जास्त, पण काम वीस सेकंदांत संपतं. मात्र नेटवर्क अडखळत असेल तर उलटं होतं. गोल फिरत राहतं, आपण पुन्हा बोलतो, पुन्हा फिरतं. तिथे टायपिंगच परवडतं. बोलून लिहिण्याच्या ऑफलाइन भाषांच्या यादीत मराठी दिसली, तर वायफाय असताना डाउनलोड करून ठेवा.

रंगीबेरंगी चित्रांचे फुकटचे कीबोर्ड टाकले असतील तर ते काढा. त्यातले बरेच सतत जाहिराती ओढतात. आणि कीबोर्ड म्हणजे तुम्ही लिहिता ते सगळं, बँकेचा पासवर्डसुद्धा, वाचू शकणारी वस्तू. ती अनोळखी माणसाच्या हातात देऊ नये.

पाचवी: एका रात्रीची चाचणी

झोपताना टक्के कागदावर लिहा, एअरप्लेन मोड चालू करा, फोन पालथा ठेवा. सकाळी पुन्हा लिहा. दुसऱ्या रात्री तेच एअरप्लेन मोडशिवाय.

एअरप्लेन मोडमध्ये दोन-चार टक्केच उतरले आणि दुसऱ्या रात्री वीस-तीस, तर नेटवर्क किंवा नेटवर चालणारं अ‍ॅप खातं आहे. सिग्नल कमजोर असला की टॉवरपर्यंत पोचायला फोन जास्त जोर लावतो. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. घरात फोनची जागा बदलून बघा. ५जी मिळतच नसेल तर सेटिंग ४जीवर ठेवा. एअरप्लेन मोडमध्येही वीस टक्के गेले, तर आतल्या भागात कुठेतरी वीज गळते आहे किंवा टच रात्रभर जागा आहे. ते घरी सापडणार नाही.

कॉपी डिस्प्ले

माझ्याकडे पुन्हा पुन्हा येणारी आणि सगळ्यात उशिरा लक्षात येणारी भानगड ही. एक बुजुर्ग शेतकरी तीन महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलून माझ्याकडे आले होते.

"काका, डिस्प्ले कधी बदलला होता?"

"दिवाळीत फुटला होता ना, तवा. शहरात टाकला. पण त्याचा न् बॅटरीचा काय संबंध बावा?"

"बोट ठेवून उघडतो का अजून?"

"नाई, तवापासून तेही बंद आहे."

त्यांच्या फोनला मुळात अ‍ॅमोलेड होती. टाकणाऱ्याने तिच्या जागी एलसीडीचा कॉपी फोल्डर (टचसकट डिस्प्ले) बसवला होता. दिसायला सारखा, पण आता मागे दिव्यांची पट्टी कायम जळते, डार्क मोडचा उपयोग उरला नाही, आणि स्क्रीनखालच्या बोटाच्या सेन्सरला एलसीडीतून आरपार दिसत नाही म्हणून तोही बंद. कॉपीचा टचही बऱ्याचदा कच्चा असतो. अशा फोनमध्ये कितीही बॅटऱ्या टाका, काही उपयोग नाही.

वरची अंधाऱ्या खोलीतली चाचणी इथे पुन्हा करा. फोनच्या खोक्यावर अ‍ॅमोलेड लिहिलेलं आहे आणि काळं चित्र राखाडी दिसतं आहे, तर उत्तर मिळालं. उपाय दोनच: मूळ जातीचा डिस्प्ले टाकणं, जो महाग आहे, किंवा आहे त्यावर उजेड कमी ठेवून भागवणं. फोन चार-पाच वर्षं जुना असेल तर मी दुसरा उपाय सुचवतो. फोनच्या किमतीच्या जवळ जाणारा डिस्प्ले टाकण्यात शहाणपण नाही. आणि पुढे कधी डिस्प्ले बदलाल तर बसवण्याआधी विचारा: अ‍ॅमोलेड की एलसीडी, आणि बिलावर तसं लिहून घ्या.

उष्णता

आयफोन आणि सॅमसंग दोघंही सांगतात की फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा. आपल्याकडे मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर ४५च्या पलीकडे जातात. तापलेला फोन स्वतःच उजेड कमी करतो आणि चार्जिंग हळू करतो. तो बिघाड नाही, बॅटरी वाचवायची त्याची सोय आहे. फोन कूलरसमोर ठेवायला हरकत नाही, पण ओल्या माठावर किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका. आत दव धरतं आणि बोर्ड गंजतो. मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात नकाशा लावून, वरून चार्जिंगही चालू, असं केलं तर बॅटरीचं फार नुकसान होतं.

इथे थांबा आणि कारागिराकडे या

फुगवटा सांगून झाला. त्याशिवाय: फोन काही न करता तापतो, गोडसर किंवा जळका वास येतो, पाण्यात किंवा फवारणीच्या औषधात भिजला आहे, स्क्रीनवर हिरवी रेघ आली आहे, किंवा एअरप्लेन मोडमध्येही रात्रीत वीस टक्के जातात. भिजलेला फोन चार्जरला लावून बघू नका आणि तांदळात पुरून वाट बघत बसू नका. बंद करून त्याच दिवशी आणा.

यूट्यूब बघून फोन घरी उघडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना टोक आत गेलं तर ती पेट घेऊ शकते. अ‍ॅमोलेडचा थर इतका पातळ असतो की कडेने जरा वाकडा जोर लागला तरी काळा डाग पसरत जातो.

दुकानात आम्ही फोन वीज मोजणाऱ्या पॉवर सप्लायला लावतो. बटन न दाबता अँपिअरचा काटा हलला तर बोर्डवर गळती आहे. काटा शून्यावर राहिला, टच आणि डिस्प्ले नीट निघाले, आणि तरी फोन ३० टक्क्यांवर अचानक बंद पडतो, किंवा तो तीन-चार वर्षं रोज दोनदा चार्ज झाला आहे, तेव्हाच मी बॅटरी बदलतो. येताना तुमचा चार्जर, डिस्प्ले बदलला असल्यास त्याचं बिल आणि दोन रात्रींचे लिहिलेले टक्के घेऊन या. त्या कागदामुळे माझा अर्धा तास वाचतो आणि तुम्हाला दुसरी खेप पडत नाही.